स्पीडब्रेकरने भरलेलं कार्ड

पुण्यात चांदणी चौकाच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं होतं. माझ्या पुढे एक टेम्पो. ब्रेक सोडून क्लच धरायच्या नादात तो हातभर मागे घसरला आणि माझ्या बॉनेटवर येऊन टेकला. ड्रायव्हर खाली उतरला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, मागनं ठोकलीत तुम्ही." आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. मागचा तो चुकीचा, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. बंपर आणि डावा हेडलाइट मिळून साडेअकरा हजार गेले. विम्यावर ३५ टक्के नो क्लेम बोनस जमला होता. क्लेम केला असता तर पुढच्या वर्षी तो शून्यावर आला असता, म्हणून खिशातनंच भरले.

"मामा, एवढ्या पैशांत दोन कॅमेरे आले असते," असं भाचा म्हणाला, आणि मे महिन्यात मी डॅशकॅम घेतला, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेला चिकटून रस्ता टिपत राहणारा कॅमेरा.

घेताना सगळे फक्त 'फोर के आहे का', म्हणजे चित्र किती बारीक दिसतं, एवढंच विचारतात. मीही विचारलं. महत्त्वाचं निघालं ते भलतंच, ते म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात बॅटरी आहे की कॅपेसिटर. आमच्या सोसायटीत झाकलेलं पार्किंग मिळालंय ते पहिल्या विंगवाल्यांना. माझी सात वर्षांची हॅचबॅक उन्हात असते आणि एप्रिलच्या दुपारी स्टिअरिंगला हात लावताना रुमाल लागतो. काचेला चिकटलेल्या कॅमेऱ्यात लिथियम बॅटरी असेल तर अशा उष्णतेत ती फुगते. कॅपेसिटर ही भानगड टाळतो. त्याचं काम एवढंच, की गाडी बंद झाली की शेवटची फाइल नीट मिटेपर्यंत दोन-चार सेकंद करंट पुरवायचा. म्हणून फोर के सोडलं आणि चित्राला थोडा कमी, पण कॅपेसिटरवाला १४४०पी घेतला. पश्चात्ताप नाही.

दुकानदाराने सोबत ३२ जीबीचं कार्ड 'फ्री' दिलं. फुकटचं ते पौष्टिक म्हणून मी तेच घातलं. पाच आठवड्यांत ते मेलं. डॅशकॅमचं कार्ड मोबाइलच्या कार्डासारखं आरामात बसत नाही. गाडी चालू असेपर्यंत त्यावर सतत लिहिणं चालू असतं, भरलं की सगळ्यात जुनी फाइल पुसून पुन्हा लिहिणं. साध्या कार्डाला हा मार सोसत नाही. यासाठी 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेली कार्डं वेगळी मिळतात. ६४ जीबीचं घेतलं. माझ्या कॅमेऱ्याचा तीन मिनिटांचा एक तुकडा साधारण ४०० एमबीचा होतो, म्हणजे कार्डात सात तासांच्या आसपास मावतं. हा सातचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला आला.

बसवायचं काम मी स्वतः करणार, हे घरात जाहीर केल्यावर कोणी काही बोललं नाही. नुसतं बघितलं.

रविवारी सकाळी ऊन यायच्या आत पार्किंगमध्ये गेलो. जागा आरशाच्या मागे, डावीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या नजरेत काहीच येत नाही. पण चिकटवायच्या आधी एकदा वायपर फिरवून बघा. पहिल्यांदा मी काचेच्या अगदी वरच्या कडेला, काळ्या ठिपक्यांच्या पट्टीवर चिकटवला होता. दिसायला छान, पण तिथे वायपर पोचत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस आला आणि व्हिडिओत पुणे नव्हे, मत्स्यालय दिसायला लागलं. दुहेरी टेप काढताना अर्धा तास दोऱ्याने करवत चालवावी लागली. दुसऱ्या वेळी काच स्पिरिटने पुसली, वाळू दिली, कॅमेरा दाबून धरला आणि एक रात्र तसाच ठेवून मग वायर जोडली.

वायर लपवायला कसली हत्यारं लागत नाहीत. जुना लॅमिनेट केलेला बसचा पास घेतला आणि त्याच्या कडेने वायर छताच्या अस्तरात सारत सारत डाव्या कोपऱ्यापर्यंत नेली, मग दाराच्या रबरी बीडिंगमधून खाली. भाच्याच्या नव्या गाडीत मात्र मी हात घातला नाही. तिला सहा एअरबॅग आहेत आणि त्यांतल्या दोन खांबाच्या प्लास्टिकमागून छताच्या कडेने जातात. तिथे वायर एअरबॅगच्या पुढून गेली, तर बॅग उघडताना तीच आडवी येणार. वायर एअरबॅगच्या मागूनच जायला हवी आणि त्यासाठी खांबाचं कव्हर काढावं लागतं. ते काम माहीतगाराचं.

सुरुवातीला करंट घेतला लायटरच्या सॉकेटमधून. सोपं आहे, पण मग फोन चार्ज कुठे करायचा, यावर रोज वाद. शिवाय गाडी बंद की कॅमेरा बंद. सोसायटीत दोनदा कोणीतरी ओरखडा काढून गेलं होतं, तेव्हा मला पार्किंग मोडचा, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा जागा ठेवण्याचा, मोह झाला. नाना पेठेत एका दुकानात गेलो तर पोऱ्या पक्कड घेऊन आतल्या दिव्याचीच वायर सोलायला निघाला. "पाच मिनिटांत देतो काका." मी गाडी घेऊन सरळ बाहेर. वायर कापली की वॉरंटीवर बोट दाखवायला कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि उद्या शॉर्ट झालं तर शोधायचं कुठे?

एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नीट करून घेतलं. कॅमेरा सॉकेटऐवजी थेट फ्यूज बॉक्सला जोडायच्या हार्डवायर किटला तीन वायरी असतात. एक कायम करंटला, एक चावीनंतरच्या करंटला आणि एक अर्थिंगला, म्हणजे बॉडीच्या बोल्टला. त्याने टेस्टर लावून फ्यूज बॉक्समधले दोन फ्यूज शोधले, एक गाडी बंद असतानाही जिवंत असणारा, दुसरा चावी फिरवल्यावरच जागा होणारा. त्या जागी फ्यूज टॅप बसवले, म्हणजे मूळ फ्यूज तसाच राहतो आणि कॅमेऱ्याला स्वतःचा वेगळा मिळतो. कुठेही कात्री नाही. एअरबॅगच्या फ्यूजला मात्र त्याने हात लावू दिला नाही. "त्याच्याशी खेळायचं नाय," एवढंच म्हणाला.

किटवर एक बारीक स्विच असतो, बॅटरी किती उतरली की कॅमेऱ्याने गप्प बसायचं ते ठरवणारा. तो मी पाहिलाच नाही. कारखान्यातून आला तसा ११.८ व्होल्टवर होता. दिवाळीत आम्ही नऊ दिवस साताऱ्याला सासुरवाडीला गेलो, तेही मेहुण्याच्या गाडीतून. आल्यावर चावी फिरवली तर नुसतं टकटक. हिशेब नंतर केला. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा पाव अँपियरच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला सहा अँपियर-तास. माझी बॅटरी ३५ अँपियर-तासांची. पाच-सहा दिवसांत खेळ खलास. १२ व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी आरामात १२.६ दाखवते. ११.८ला पोचेपर्यंत तिच्यात स्टार्टर फिरवायची ताकद उरत नाही. स्विच १२.४वर नेला. आता कॅमेरा रात्रभर न जागता काही तासांनी झोपतो, आणि चार दिवसांच्या वर गाडी ठेवायची असेल तर मी फ्यूज टॅपच उपसून ठेवतो.

बॅटरी मेली त्याचा आणखी एक परिणाम झाला. तो मला जानेवारीपर्यंत कळला नाही.

जानेवारीत टिळक रोडवर एका दुचाकीने माझा डावा आरसा उडवला आणि वर तोच पोरगा थांबून माझ्यावर ओरडला, "ओ काका, इंडिकेटर नावाची गोष्ट असते!" मी इंडिकेटर दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी भर रस्त्यात हसलो आणि म्हणालो, "थांब, दाखवतो." फोन काढला, कॅमेऱ्याच्या वायफायला जोडला. जोडेना. (मोबाइल डेटा चालू असला की फोन त्या वायफायला 'इंटरनेट नाही' म्हणून सोडून देतो. डेटा बंद करायचा. हे मला दोन महिन्यांपूर्वी माहीत होतं, नेमकं त्या वेळी आठवलं नाही.) शेवटी जोडलं तर आजचं काहीच नाही. शेवटचं रेकॉर्डिंग कधीचं तेही कळेना, कारण सगळ्या फायलींवर तारीख काही वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीपासून पुढची. पोरगा फोनमध्ये डोकावला, "काका, तेव्हा तर मी शाळेत होतो," म्हणाला आणि गेला.

घरी बसून उलगडा केला. कॅमेऱ्यात जी-सेन्सर असतो. धक्का बसला की अपघात झाला असं समजून तो चालू फाइलला कुलूप लावतो, म्हणजे ती पुसली जात नाही. कारखान्यातून तो 'मध्यम' संवेदनशीलतेवर येतो. ज्याने ते मध्यम ठरवलं त्याने आमच्या सोसायटीच्या दारातला, सदस्यांनी वर्गणी काढून स्वतः ओतलेला स्पीडब्रेकर पाहिलेला नसावा. रोज जाता-येता दोन अपघात तिथेच. सिंहगड रोडचे खड्डे वेगळे. अशा दीडशेच्या आसपास कुलूपबंद फायलींनी कार्ड काठोकाठ भरलं आणि रेकॉर्डिंग थांबलं. कॅमेरा पिंपिं करून सांगत होता. ते आम्ही सीटबेल्टचं समजत होतो. आणि तारीख? माझ्या कॅमेऱ्याला जीपीएस नाही. घड्याळ आतल्या एका चिमुकल्या सेलवर चालतं, गाडीची बॅटरी मेली तेव्हा तो सेलही उतरला आणि घड्याळ मूळपदावर गेलं.

तेव्हापासून जी-सेन्सर 'कमी'वर आहे. दर महिन्याच्या एक तारखेला, गॅसचं बुकिंग करतो तसं, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करतो आणि घड्याळ फोनशी मिळवतो. माइकही त्याच सुमारास बंद केला. आरशाचं प्रकरण शोधताना भाच्याने एक जुनी फाइल मोठ्या आवाजात लावली आणि त्यात मी आणि बायको त्याच्याच मुंजीतल्या आहेराबद्दल बोलत होतो.

मार्चमध्ये रात्री नऊच्या सुमारास कर्वेनगरहून वारज्याकडे येत होतो. उलट्या बाजूने आलेल्या एका पांढऱ्या गाडीने माझ्यासमोर एका स्कूटरवाल्या गृहस्थांना उडवलं आणि ती तशीच पुढे गेली. लोकांनी त्यांना उचललं, मी ११२ला फोन लावला. बायको गाडीतून त्या गाडीचा नंबर मोठ्याने म्हणत होती, एकदा नाही, तीनदा. मी कॅमेऱ्यावरचं लाल बटण दाबून फाइलला कुलूप लावलं, तिथे जमलेल्या एकाला माझा नंबर दिला, आणि घरी आल्याबरोबर कार्डच काढून ठेवलं. सात तासांचा हिशेब डोक्यात होता. कुलपावर माझा पूर्वीइतका विश्वास उरला नव्हता.

रात्री फाइल बघितली. पांढरी गाडी, उलटी बाजू, धडक, सगळं स्वच्छ. नंबरप्लेटच्या जागी मात्र नुसता उजेडाचा गोळा. रात्री हेडलाइट पडला की पाटी पांढरीफटक होते, त्यात गाडी वेगात असेल तर आकडे फरफटतात. जाहिरातीतली पाटी वाचता येते, कारण ती उभ्या गाडीची असते. एकेक फ्रेम पुढे सरकवत शेवटचा आकडा लागला. बायकोला पहिला आठवत होता. मधले दोन्ही, तिने तीनदा म्हणूनसुद्धा, हवेत विरले होते. माइक बंद होता ना.

दोन दिवसांनी त्या गृहस्थांच्या मुलाचा फोन आला. वडिलांचा पाय मोडला होता. "काका, व्हॉट्सअॅपवर टाका." बघायला म्हणून टाकला, पण मूळ फाइलला हात लावला नाही. व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, मग ती मूळ फाइल राहत नाही. पोलीस ठाण्यात हवालदारांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "ओरिजिनल कार्ड आहे ना साहेब?" दिलं. पंचनामा झाला, कार्ड पाकिटात घालून सील केलं.

मग इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं एक प्रमाणपत्र. पूर्वी हे १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी खाली लागायचं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला आणि आता ते कलम ६३ खाली असतं. त्याचे दोन भाग. पहिला देणाऱ्याने भरायचा, उपकरण कोणतं, ते आपल्या ताब्यात होतं आणि नीट चालत होतं वगैरे. दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू येते, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला लांबलचक आकडा. एक सेकंद जरी कापला तरी तो पार बदलतो. नीट चालत होतं, यावर सही करताना मला टिळक रोडवरचा पोरगा आठवला. घड्याळ मी १ मार्चला मिळवलं होतं, म्हणून सही करू शकलो. व्हिडिओवरच्या त्याच वेळेवरून पोलिसांनी पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण काढलं आणि मधले आकडे तिथे मिळाले. गाडी सापडली. कार्ड अजून माझ्याकडे परत आलेलं नाही, मी दुसरं घेतलं.

माइक आता पुन्हा चालू आहे. रस्त्यात काही विचित्र दिसलं की बायको पाटी वाचते, रेल्वेतल्या घोषणेच्या सुरात, "एमएच बारा..." घरगुती विषय निघाला तर आधी वर हात करून माइकचं बटण दाबायचं, असं आमचं ठरलंय. परवा वारज्याच्या पुलाखाली तिने दाबलं आणि आम्ही डुक्कर खिंडीपर्यंत मनसोक्त भांडलो. घरी आल्यावर कळलं, त्या दिवशी माइक बंदच होता. तिने तो चालू केला होता.