विक्रीच्या दिवशी होस्टिंग बदलताना

ताईंचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वीस झाले होते. हाताने बांधलेल्या वह्या त्या ऑनलाइन विकतात. सवलतीचा ईमेल नऊ वाजता सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना गेला होता. साइट उघडत होती, वह्या दिसत होत्या, पण कार्टवर गेलं की ५०८ ची एरर : मर्यादा संपली.

"आपला प्लॅन अमर्याद आहे ना? मग संपलं काय?"

अमर्याद होती ती जागा आणि बँडविड्थ. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवलेल्या असतात तिथे, कात्री लागते ती सीपीयू, मेमरी आणि एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसना, म्हणजे कामांना. पॅनेलमध्ये पाहिलं, प्रोसेसची मर्यादा २०. वह्या दाखवणारी वेबपानं कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतींमधून जात होती, त्यांचा भार नव्हताच. कार्ट आणि चेकआउट मात्र कॅश करता येत नाहीत. तिथे प्रत्येक क्लिकला पीएचपी, म्हणजे पान तयार करणारा सर्व्हरवरचा कोड, चालतो आणि डेटाबेसला विचारावं लागतं. म्हणजे नुसतं बघणाऱ्यांना दुकान उघडं होतं आणि पैसे द्यायला आलेलं गिऱ्हाईकच दारात अडत होतं. हा प्लॅन दोन वर्षांपूर्वी मीच निवडून दिला होता आणि तेव्हा हा आकडा मी विचारला नव्हता. ते मी ताईंना तिथल्या तिथे सांगितलं.

सपोर्टच्या चॅटवर पंचवीस मिनिटांनी उत्तर आलं : वरचा प्लॅन घ्या, वर्षभरासाठी. मी ९९.९ टक्के अपटाइमच्या हमीची आठवण करून दिली. सर्व्हर चालूच आहे, असं उत्तर मिळालं, आणि ते खरं होतं. ९९.९ टक्के म्हणजे महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद पडायची मुभा. पण ती हमी सर्व्हरची, आपल्या खात्याला घातलेल्या लगामाची नव्हे. मग विचारलं, बॅकअप कुठे असतो? आठवड्यातून एकदा, त्याच सर्व्हरवर. तिथे माझा निर्णय झाला. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच ठिकाणी होता त्यांतल्या अनेकांची साइटही गेली आणि बॅकअपही.

दोन कंपन्यांना एकच मजकूर पाठवला. एका वेळी प्रोसेस किती चालतील? बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवता का, आणि तो मला स्वतःला परत चढवता येईल का? नूतनीकरणाचा दर पहिल्या वर्षाइतकाच राहील का? महिन्याच्या बोलीवर घेता येईल का? एकीकडून "काळजी करू नका" एवढंच आलं. दुसरीकडून आकडे आले. स्वस्त व्हीपीएसचा, म्हणजे आपण स्वतः सांभाळायच्या सर्व्हरचा मोह झाला होता, पण त्याचे सुरक्षा अपडेट वर्षभर कोण करणार? आकडे देणाऱ्यांचं मॅनेज्ड होस्टिंग, म्हणजे ज्यात सर्व्हर कंपनीच सांभाळते ते, महिन्यापुरतं घेतलं.

आता खरी अडचण. डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरवर न्यायचं हे डीएनएस सांगतं, आणि ते उत्तर इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचं तो टीटीएल. आपला टीटीएल होता ८६४०० सेकंद, म्हणजे चोवीस तास. पत्ता बदलला तरी दिवसभर काही गिऱ्हाइकं जुन्या सर्व्हरवर जाणार, काही नव्या, आणि ऑर्डरी दोन डेटाबेसमध्ये विखुरणार. ते मला कोणत्याही परिस्थितीत नको होतं. म्हणून नवं सबडोमेन, म्हणजे त्याच डोमेनच्या नावाआधी एक शब्द जोडून नवा पत्ता काढला. तो कुणीच आधी लक्षात ठेवलेला नसल्याने लगेच चालतो. त्याच्या सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट काही मिनिटांत मिळालं. जुनं दुकान थांबवलं, डेटाबेस उतरवून नव्या जागी चढवला, आतले पत्ते बदलले. जुन्या सर्व्हरवर फक्त ३०२ चा रीडायरेक्ट ठेवला, म्हणजे आलेल्याला तात्पुरतं नव्या पत्त्यावर पाठवणारी सूचना. त्याला पीएचपी लागत नाही, त्यामुळे वीसची मर्यादा आड येत नाही. ३०१ मुद्दाम टाळला, कारण ब्राउझर तो कायमचा समजून लक्षात ठेवतात.

पहिली चाचणी ऑर्डर टाकली. पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र 'प्रलंबित'. पेमेंट गेटवेचा वेबहुक, म्हणजे पैसे मिळाल्याचा दुकानाला येणारा आपोआप निरोप, अजून जुन्या पत्त्यावर जात होता. तो बदलून पुन्हा टाकली, तेव्हा 'प्रक्रियेत' दिसली. ताई फोनवरच होत्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"आता सकाळी अडलेल्यांना पुन्हा ईमेल पाठवू?"

"पाठवा," मी म्हणालो, "मी सर्व्हरच्या नोंदी, लॉग, बघत बसतो."

दुसरा ईमेल दीड वाजता गेला. संध्याकाळपर्यंत मी जागेवरून उठलो नाही. ५०८ एकदाही आला नाही. रात्री टीटीएल ३०० वर आणून ठेवला, आणि तीन दिवसांनी मूळ डोमेन शांतपणे नव्या जागी नेलं. ताईंची ईमेल खातीही जुन्या होस्टिंगवरच होती, त्यांच्यासाठी पुढचा आठवडा गेला.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्यांचा बॅकअप एका रिकाम्या खात्यावर चढवून बघतो, दुकान उघडतं का ते.