बर्लिनमध्ये कागदपत्रांच्या मागावर: ग्रूनेवाल्ड, वानझे, लिश्टनबेर्ग

आधुनिक जर्मन इतिहासाचा अभ्यास करणारे बर्लिनला गेले की आधी ब्रांडेनबुर्ग गेटजवळची स्मारकं बघतात. ती बघाच. पण एक अख्खा दिवस शहराच्या पश्चिमेला आणि एक पूर्वेला राखून ठेवा. हा इतिहास कागदांवर कसा लिहिला गेला आणि ते कागद कुणी वाचवले, हे तिथे कळतं.

पश्चिमेसाठी एस ७ लोकल पकडा. ग्रूनेवाल्ड आणि वानझे दोन्ही याच मार्गावर आहेत आणि एबी झोनचं दिवसभराचं तिकीट पुरतं. ग्रूनेवाल्ड स्टेशनातून नाझींनी बर्लिनच्या ज्यूंना गाड्यांत भरून छावण्यांकडे पाठवलं. तिथे १७ नंबरच्या फलाटाच्या कडेने ओतीव पोलादाचे १८६ पत्रे बसवले आहेत. प्रत्येकावर तारीख, ज्यूंची संख्या आणि गाडी कुठे गेली ते कोरलंय. पहिली तारीख १८ ऑक्टोबर १९४१ : १२५१ जण, लोड्झ (पोलंडमधली ज्यूंची कोंडवस्ती). शेवटची मार्च १९४५ मधली : १८ जण, टेरेझिनश्टाट (आजच्या चेकियातली छावणी). रशियन फौजा ओडर नदीपर्यंत आल्या होत्या, तरी अठरा माणसांसाठी गाडी सुटलीच. घाई करू नका, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत जा.

तिथून पुढे वानझे, आणि स्टेशनाबाहेरून ११४ नंबरची बस. युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी करायला २० जानेवारी १९४२ रोजी पंधरा नाझी अधिकारी ज्या बंगल्यात जमले, तिथे आता संग्रहालय आहे. प्रवेश मोफत. बैठकीच्या इतिवृत्ताच्या तीस प्रती निघाल्या. हाती लागली फक्त सोळावी, तीही १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या फायलींत. त्यातला देशवार तक्ता नीट बघा. इंग्लंड ३,३०,०००, आयर्लंड ४,०००. जे देश जिंकलेच नव्हते, तिथल्या ज्यूंचीही मोजदाद करून ठेवली होती. मी त्या तक्त्यासमोरून बराच वेळ हललो नाही.

याच घरातलं ग्रंथालय अभ्यासकांनी चुकवू नये. त्याला योझेफ वुल्फ यांचं नाव आहे. आउश्विट्झच्या मृत्युछावणीतून वाचलेल्या या इतिहासकाराने साठच्या दशकात इथे दस्तऐवज केंद्र व्हावं म्हणून जिवाचं रान केलं, पण दाद मिळाली नाही. १९७४ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. घर स्मारक म्हणून उघडलं ते १९९२ मध्ये. मला ही गोष्ट त्या बैठकीइतकीच महत्त्वाची वाटते. गुन्ह्याचे कागद जपायलाही कुणाला तरी भांडावं लागतं.

पूर्वेसाठी यू ५ मेट्रोने लिश्टनबेर्ग भागातल्या माग्डालेनेनश्ट्रासेला उतरा. पूर्व जर्मनीच्या श्टाझीचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं, हे मुख्यालय. बहुतेक जण श्टाझीचे प्रमुख, मंत्री एरिक मिल्के यांचं कार्यालय बघून परततात. तुम्ही ७ नंबरच्या इमारतीतलं अभिलेखागाराचं मोफत प्रदर्शन जरूर बघा. नावांची कार्डं उच्चाराप्रमाणे लावलेली असत, म्हणजे स्पेलिंग चुकलं तरी माणूस सुटत नसे. १९८९ च्या शरदात राजवट कोसळू लागली तशी इथे फायली फाडायला सुरुवात झाली. १५ जानेवारी १९९० ला लोक ते थांबवायला आवारात घुसले. फाडलेल्या कागदांची सुमारे सोळा हजार पोती उरली. तुकडे हाताने जोडण्याचं काम १९९५ पासून सुरू झालं. वाचलेल्या फायली एकापुढे एक लावल्या तर १११ किलोमीटर भरतात.

प्रदर्शनांतली माहिती इंग्रजीतही आहे, मूळ फायली मात्र जर्मनमध्येच. २०२१ पासून हा संग्रह संघीय अभिलेखागाराकडे आहे. संशोधनासाठी फायली हव्या असतील तर निघण्याच्या कित्येक महिने आधी अर्ज करा आणि विषय, काळ, ठिकाण नेमकं लिहा. 'पूर्व जर्मनीतलं जीवन' असल्या मोघम विषयावर काही हाती लागत नाही. मिळालेल्या प्रतींत पाळत ठेवलेल्या लोकांची नावं बहुधा काळी केलेली असतात, तेव्हा प्रबंधाची आखणी करतानाच ते गृहीत धरा.