लेकीचे स्कॉलरशिपचे फॉर्म

आजचा अख्खा रविवार लेकीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मांत गेला. खाजगी विद्यापीठात हवी ती शाखा मिळतेय, पण फीचा आकडा बघून आमच्या हिनं चष्मा पुसून परत पाहिला.

'मुलींना शंभर टक्के फी माफ आहे की!' असं नातेवाईक फोनवर ठणकावून सांगतात. अहो, २०२४ चा तो शासन निर्णय नीट वाचा. ८ लाखांच्या आत उत्पन्न, कॅपमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश, आणि खाजगी विद्यापीठं चक्क वगळलेली. म्हणजे उरली विद्यापीठाची स्वतःची मेरिट स्कॉलरशिप. तीही पुढे सीजीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, घसरला की बंद. ही अट माहितीपत्रकाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात! प्रवेश झाला की रिलायन्स फाउंडेशनचाही फॉर्म भरू. पदवीसाठी २ लाखांपर्यंत मिळतात, पण देशभरातून ५ हजारच मुलं घेतात.

सगळ्यात रखडलो ते निबंधावर. 'तुम्हालाच का द्यावी?' पोरगी म्हणाली, "बाबा, स्वतःची एवढी आरती ओवाळायची?" शेवटी सोसायटीतल्या वॉचमनच्या मुलाला गणित शिकवते, तेवढंच साधेपणानं लिहिलंन. मला तर झकास वाटलं. आता उत्पन्नाचा दाखला सेतूतून वेळेत आला म्हणजे मिळवली.