कोय निघाली, पुढचे सहा दिवस

कुत्र्याच्या पोटाची शस्त्रक्रिया संपली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. स्टीलच्या ट्रेमध्ये हापूसची एक अख्खी कोय होती आणि तिच्या शेजारी, जिथे ती अडकून बसली होती त्या जागचा, काळाजांभळा पडलेला आतड्याचा सुमारे पाच इंचांचा तुकडा होता. आमच्या डॉक्टर मॅडमनी आतड्याची दोन्ही निरोगी टोके एकेक सुटा टाका घालत जोडली होती, आत सलाइन भरून जोड कुठे झिरपत नाही ना हे दोनदा पाहिले होते आणि वपाजाल, म्हणजे पोटातली ती चरबीची झालर, त्या जोडावर गुंडाळून पोट बंद केले होते. हातमोजे काढताना त्या म्हणाल्या, "माझं काम झालं. आता पाच दिवस तुझे."

रत्नागिरीतल्या एका खासगी प्राणी दवाखान्यात मी नऊ वर्षे काम करते. पशुसंवर्धनाची पदविका घेऊन मी या कामात आले. माणसांच्या रुग्णालयात असते तसे परिचारिकेचे वेगळे पद आमच्याकडे नाही, पण येणारे सगळे मला सिस्टर म्हणतात आणि रात्रपाळीला दाखल प्राण्यांपाशी मीच असते.

हा कुत्रा एका आंबाबागेतला होता, वजन 18 किलो, वय पाचच्या आसपास. कोकणातल्या पुष्कळ बागांमध्ये हंगामभर राखणीला नेपाळी गडी असतात. ते फळधारणेपासून पाऊस लागेपर्यंत बागेतच झोपडी करून राहतात आणि रात्री वानरांवर, चोरांवर लक्ष ठेवतात. बागेचे मालक या कुत्र्याला मोत्या म्हणत, पण तो ज्याच्या पायाशी झोपे त्या राखणदाराने त्याचे नाव काले ठेवले होते आणि कान हलत ते त्याच हाकेला, म्हणून केसपेपरवरही आम्ही काले असेच लिहिले. राखणदाराच्या सांगण्याप्रमाणे एरवी काले पडलेला आंबा चोखून कोय टाकून देई. त्या दिवशी शेजारच्या बागेतला कुत्रा अंगावर आला आणि याने घाईत कोय गिळली. तीन दिवस उलट्या झाल्या, शी बंद झाली, तेव्हा मालकांनी आंब्याच्या पेट्या न्यायच्या टेम्पोतून त्याला आमच्याकडे पाठवले. आला तेव्हा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. अंगातले पाणी इतके आटले होते की शस्त्रक्रियेआधीचे दोन तास आम्ही फक्त सलाइन देण्यात घालवले.

टेबलावरून उतरवला तेव्हा त्याचे तापमान 96.4 अंश फॅरनहाइट होते. कुत्र्याचे सर्वसाधारण तापमान 101 ते 102.5 असते. भूल, उघडे पोट आणि ओली कातडी यांमुळे शरीर थंड पडते आणि थंड शरीरातून भुलीचे औषधही लवकर उतरत नाही. मी गरम पाण्याच्या बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून त्याच्या दोन्ही कुशींना ठेवल्या. बाटली उघडी लावू नये, कारण भुलीतल्या प्राण्याला चटका बसतो आणि तो हलून सांगू शकत नाही. दर पंधरा मिनिटांनी तापमान, नाडी, श्वास; ओठ उचलून हिरडीवर बोट दाबायचे आणि पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते का ते पाहायचे. दोन तासांनी कूस बदलायची. पहाटे दोनच्या सुमारास तापमान शंभरावर आले, त्याने डोळे उघडले आणि डोके उचलून पुन्हा टेकवले.

वेदनेच्या बाबतीत कुत्रे फसवतात. कण्हणारा कुत्रा पुष्कळदा भुलीच्या गुंगीत असतो. खरे दुखत असलेला अनेकदा गप्प, भिंतीकडे तोंड करून, अंग आखडून पडतो. म्हणून आम्ही ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली गुणपत्रिका वापरतो: तो स्वतःच्या जखमेकडे पाहतो का, जखमेच्या भोवती हलके दाबले तर काय करतो, उठतो कसा, अशा प्रश्नांना गुण द्यायचे आणि 24 पैकी 6 किंवा अधिक झाले की वेदनाशामक द्यायचेच. कालेचे तीन वाजता 9 झाले. ब्युटोरफॅनॉलचे इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाने तो पाय सैल सोडून झोपला.

माझी काळजी वेगळीच होती. मध्यरात्रीपासून सलाइन चालू होते आणि कालेच्या अंगाखालचे पॅड पहाटे पाचलाही कोरडे होते. किलोला तासाला निदान एक मिलिलिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे कालेची तासाला 18. इतके पाणी आटलेल्या, रक्तदाब खाली गेलेल्या प्राण्यात लघवी होत नाही तेव्हा पहिला विचार मूत्रपिंडाचा येतो. मी मॅडमना फोन केला. रक्त काढून ठेव, मी निघते, असे त्या म्हणाल्या.

राखणदार रात्रभर दाराशी बाकावर बसून होता. त्याच्याशी आम्ही मोडक्या हिंदीतच बोलत होतो. मी कोरडे पॅड बदलताना पाहून तो म्हणाला, "दीदी, ये अंदर नहीं करेगा. झोपडी में भी कभी नहीं किया. मर जाएगा, पर नहीं करेगा."

मी जखमेपासून दूर, मागच्या पायांच्या अगदी पुढे, दोन्ही बाजूंनी अलगद हात लावला. मूत्राशय मोसंबीएवढे, ताठ लागले. लघवी तयार होत होती. काले ती धरून बसला होता. हे आधी तपासायला हवे होते आणि ते मला शिकवलेलेही होते, पण रात्रभर मी पॅडकडे पाहत राहिले, कुत्र्याच्या सवयीविषयी विचारले नाही. आम्ही दोघांनी त्याला चादरीत उचलले, सलाइनची बाटली राखणदाराने खांद्यावर धरली आणि दवाखान्यामागच्या फणसाखाली, वळिवाने भिजलेल्या तांबड्या मातीवर त्याला उभे केले. मी त्याच्या पोटाखाली टॉवेलचा झोळा धरला होता. मातीचा वास घेत तो क्षणभर थांबला आणि मग त्याने जी धार सोडली ती थांबेचना. ट्रेमध्ये अडीचशे मिलिलिटर मोजता आले, बाकीचे मातीत गेले. मॅडम आल्या तेव्हा मी रडत होते. रक्ताच्या तपासणीतही मूत्रपिंडे ठीक निघाली. त्यानंतर दर चार तासांनी, दिवसा आणि रात्री, त्याला फणसाखाली नेणे हे केसपेपरवर औषधांच्या यादीत लिहिले गेले.

दुसऱ्या दिवशी खाण्याचा प्रश्न आला. पोटाची शस्त्रक्रिया म्हणजे तीन दिवस उपास, असे पुष्कळांना वाटते, आणि पूर्वी तसे करतही असत. पण आतड्याच्या आतल्या पेशी बराचसा आहार समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. ते रिकामे ठेवले तर जोड भरायला उशीर होतो. म्हणून उलटी नसेल तर बारा तासांनंतर थोडे थोडे द्यायचे. कालेला पूर्ण विश्रांतीत दिवसाला सुमारे 610 कॅलरी लागणार होत्या. पहिल्या दिवशी त्याच्या एक तृतीयांश द्यायचे ठरले. बिनमिठाची, बिनकांद्याची कोंबडी उकडून, तिचे धागे मऊ तांदळाच्या पेजेत कालवून मी त्याच्यापुढे धरले. त्याने मान फिरवली. राखणदाराने हातावर घेऊन धरले, तरीही त्याने मान फिरवली. त्या गृहस्थाचा चेहरा पडला, कारण त्याच्या हातून काले खाणार याची त्याला खात्री होती. मी पाहिले तर काले सारखा ओठ चाटत होता आणि लाळ गिळत होता. हा रुसवा नव्हता, मळमळ होती. मळमळ असताना आग्रह केला तर त्या अन्नाची शिसारी बसू शकते, म्हणून ताट नजरेआड नेले, मॅरोपिटंटचे इंजेक्शन दिले आणि दोन तासांनी कोमट करून दोन चमचे पुढे केले. ते त्याने चाटून संपवले.

तिसरा दिवस चांगला गेला आणि त्याच दिवशी सगळ्यांच्या पोटात गोळा असतो. शिवलेल्या आतड्याचा जोड पहिल्या दिवशी टाक्यांवर टिकतो. पण नवे धागे विणण्याआधी शरीर कडेचे जुने मोडून काढते, त्यामुळे तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत तो सर्वांत कच्चा असतो. फुटायचा असेल तर तेव्हा फुटतो, आणि आतली घाण पोटात पसरली की पुष्कळ कुत्रे हाती लागत नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी ताप 103.8 होता. काले उठला नाही, खाल्ले नाही. कोणी काही बोलले नाही. मॅडमनी सोनोग्राफी केली. आतड्यांच्या मध्ये थोडे पाणी दिसत होते, पण शस्त्रक्रियेनंतर थोडे पाणी असतेच, त्यावरून काही ठरत नाही. त्यांनी सुईने ते थेंबभर ओढले. जंतू साखर खातात, म्हणून जोड फुटलेला असेल तर पोटातल्या पाण्यातली साखर रक्तातल्यापेक्षा 20 मिलिग्रॅमहून जास्त खाली जाते. मी साध्या ग्लुकोमीटरवर दोन्ही लावले: रक्तात 96, पाण्यात 88. मॅडमनी काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पांढऱ्या पेशी होत्या, पण त्यांच्या पोटात एकही जंतू नव्हता. जोड शाबूत होता. मग ताप कुठून?

मी पुढच्या उजव्या पायाचे बँडेज पूर्ण उलगडले. कॅन्युलाच्या, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घातलेल्या बारीक नळीच्या, वरची शीर दोरीसारखी कडक झाली होती, कातडी तांबडी आणि हाताला पोळेल इतकी गरम होती. ती कॅन्युला मीच पहिल्या संध्याकाळी घातली होती. प्रत्येक पाळीला मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली होती, पण दर वेळी पट्टी वरवर पाहून आणि सलाइन चालते आहे हे पाहून, उलगडून नाही. बोटे सुजली आहेत का तेही मी दाबून पाहिले नव्हते. मी मॅडमना हे जसेच्या तसे सांगितले आणि राखणदारालाही सांगितले, कारण त्याच्या कुत्र्याला माझ्या हलगर्जीपणाने एक दिवसाचा ताप सोसावा लागला होता. तो म्हणाला, "पेट ठीक है ना, दीदी?" पेट ठीक होते. कॅन्युला काढली, पायाला दिवसातून चार वेळा शेक दिला, दुसऱ्या पायात नवी घातली आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी ताप 102.2 वर आला. तेव्हापासून आमच्या तक्त्यावर "पट्टी उलगडून पाहिली" असा वेगळा रकाना आहे आणि तो मी दिवसातून दोनदा भरते.

त्याच संध्याकाळी फणसाखाली कालेने आठ दिवसांतली पहिली शी केली, थोडी काळसर, पण घट्ट. राखणदाराने लगेच बागेत फोन लावून ती बातमी मोठ्याने सांगितली.

सहाव्या दिवशी कालेला घरी सोडला. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, दहा दिवस साखळी, पळणे बंद, दिवसातून चार वेळा पेज, आणि गळलेला आंबा त्याच्या आधी उचलायचा. हे मी हिंदीत दोनदा सांगितले आणि राखणदाराने मला ते एकदा परत म्हणून दाखवले. मालकांनी झोपडीजवळ झाकणाचा खड्डा खणून घेतला होता. खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी आता त्यात जाणार होत्या.

टाके काढायला बाराव्या दिवशी दोघे आले तेव्हा पाऊस लागला होता आणि राखणदाराचे गावी जायचे तिकीट निघाले होते. काले पुढच्या हंगामापर्यंत मालकांच्या पडवीत राहणार होता. जखम कोरडी होती, वजन 18 किलो 600 ग्रॅम भरले. टेबलावरून उतरताच तो दाराकडे न जाता साखळी ओढत मागच्या बाजूला गेला, पावसात भिजत फणसाच्या बुंध्याशी थांबला, पाय वर केला, आणि मग शांतपणे टेम्पोकडे निघाला.