घर कभी आओ

“दीदी, सामान तो हर साल देते हो. घर कभी आओ.”

आज सकाळी फाटकाशी जुन्या स्वेटरांचं गाठोडं उचलताना आमची बाई सहज बोलून गेली. अकरा वर्षं कामाला येते. तिची गल्ली कोणती, मला ठाऊक नाही. गाठोडं मात्र मी आईच्या जुन्या साडीत, दोनदा गाठ आवळून बांधलं होतं!

दुपारभर डोक्यात व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, गरिबांना मदत करणारी कॅथलिक संस्था. १८३३, पॅरिस. वादसभेत कुणीतरी टोमणा मारला: तुम्ही कॅथलिक लोक आज गरिबांसाठी करता काय? वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानामला तो लागला. मित्राला घेऊन, जळाऊ लाकडं उचलून पोरगा निघाला. गरीब वस्तीत काम करणाऱ्या जोगीण सिस्टर रोझालीबाईंनी गरिबांची घरं दाखवली. पुढे रीतच पडली: मदत नुसती पाठवायची नाही, घरी जायचं, बसायचं, बोलायचं. कितीतरी देशांत आजही तसेच जातात, बहुतेकदा जोडीनं.

आणि मला रामबागेतून दोन चौक ओलांडायला अकरा वर्षं कमी पडली.

रविवारी जाते. आई म्हणते, “रिकाम्या हातानं जाऊ नकोस गं.”

यंदा रिकाम्या हातानंच जावं का?