पांढरं टेबल

गोव्यात, फोंड्याच्या एका भंगारवाल्याकडे मला ते मिळालं. लोखंडी, गोल, पायांना वेलबुट्टी. गंज खरवडून, रेडऑक्साइडचा हात देऊन वर पांढरा ऑइलपेंट लावला आणि अंगणात, तुळशीवृंदावनापासून जरा बाजूला, जांभळाच्या सावलीत मांडलं. वर चिनी मातीची एक बरणी आणि तिच्यात बोगनवेलीच्या दोन फांद्या. महिनाभर रात्री फोनवर इंग्लंडमधल्या कॉटेजांची चित्रं बघत होते, त्याचा हा परिणाम. त्या चित्रांत खिडकीखाली लव्हेंडर असतं, फाटकावर गुलाब चढलेला असतो, आणि एक तरी पांढरं टेबल असतं, ज्याला आयुष्यात कधी काही काम पडलेलं नाही.

सासूबाईंनी पडवीतून निरखून पाहिलं. "बरं दिसतंय," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "दुपारी तिथे ऊन येतं का गो?"

मला वाटलं, रंग उडेल म्हणून विचारताहेत.

खरं तर या कॉटेजांच्या बागा मुळात गरिबांच्या. घराभोवतीच्या वीतभर जमिनीत कोबी, कांदे, शेंगा, औषधी पाला, आणि उरलेल्या फटींत फुलं. आमच्या परसात अळवाच्या कडेने अबोली असते, तसंच. पुढे हौशी लोकांनी कोबी मागे सारला आणि फुलं पुढे आणली. गर्ट्रूड जेकिल नावाच्या बाईंनी सरे परगण्यात मन्स्टेड वुड इथे अशी बाग केली, ती नावाजली. तिथलं त्यांचं घर बांधलं एडविन लट्येन्सनी, म्हणजे पुढे नवी दिल्ली उभारणाऱ्यांपैकीच एक. लव्हेंडरच्या एका जातीचं नावही मन्स्टेड. तिचंच बी मी मागवलं. अकरा रोपं आली. कौतुकाने ओळीत मांडली. शिगम्याचे ढोल वाजायला लागले तोवर नऊ बुडाशी कुजली होती, उरलेल्या दोघांनी पाडवा पाहिला नाही. लव्हेंडरला चुनखडीची, पाणी न धरणारी जमीन लागते आणि कोरडी हवा. आमची चिऱ्याची तांबडी माती आंबट, आणि हवा अशी की मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेवावे लागतात.

"परदेशी झाडं कशाला आणायची?" नवऱ्याने संधी साधली. मी म्हटलं, तुझा काजू कुठला? पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला. बोगनवेल तिकडची, झेंडू तिकडचा, देवाला वाहतोस तो पांढरा चाफासुद्धा अमेरिकेतला. तो म्हणाला, "त्यांनी आधी इथला पाऊस सोसून दाखवला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

आमच्या वसंताची गोम इथेच आहे. तिकडे वसंत आला की जमीन मऊ होते, लोक खुरपी घेऊन बाहेर पडतात. इथे फाल्गुन-चैत्रात विहिरीचा तळ दिसू लागतो. पेरायचं काहीच नसतं. असलेल्या झाडांना शिंपणं तेवढं हाती. झाडं मात्र आपल्या मनाने चाललेली असतात. आंब्याला तांबूस कोवळी पालवी, पांगाऱ्याला पानांचा पत्ता नसताना लाल तुरे, दुपारी वाऱ्यावर पिकल्या काजूचा तो डोक्यात जाणारा वास.

आणि सुरंगी. कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, टोकाला आमचं एक जुनं झाड आहे. ही फुलं शेंड्याला येत नाहीत, जून फांद्यांनाच चिकटून येतात, दाटीवाटीने. कळ्या उमलायच्या आत काढाव्या लागतात, म्हणून काढणारा उजाडतानाच झाडावर चढतो. खाली जुनी साडी पसरायची. वरून कळ्या पडत असतात आणि मधमाश्या आपल्याआधी कामाला लागलेल्या असतात. एकदा मी त्यातल्या मूठभर काचेच्या वाडग्यात पाण्यावर सोडून त्या टेबलावर ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, "केसांत घाल गो, बुडवतेस काय!" बरोबर होतं त्यांचं. पाण्यात तिचा काही थाट दिसेना. गजरा करून घातला तर दिवसभर पुरते, आणि सुकलेला गजरा कपाटात टाकला तर पुढे कितीतरी दिवस दार उघडलं की ओळख देते.

घराची सजावट म्हणाल तर ती चैत्रात होते खरी, पण पावसाच्या धाकाने. भिंतींना चुना, चुन्यात चिमूटभर नीळ. माजघराच्या जुन्या खिडकीला अजून शिंपल्यांची तावदानं आहेत. चिखलीच्या खाडीत मिळणाऱ्या चपट्या, जवळजवळ पारदर्शक शिंपल्यांची. ती ओल्या फडक्याने पुसली की खोलीत ताक सांडल्यासारखा उजेड पडतो. मग कौलं परतायला माणूस आला. या मंगळुरी कौलांचा कारखाना मंगळूरला बासेल मिशन या मिशनरी संस्थेने 1865 मध्ये काढला, तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावरची घरं वरून एकसारखी लाल दिसतात. हे मी त्याला सांगत होते आणि तो छपरावरून वर्षाचा पालापाचोळा, शेवाळाचे पापुद्रे आणि उंदराचं एक अख्खं घरटं खाली लोटत होता. नेमकं माझ्या टेबलावर. बरणी वाचली.

एप्रिल सरता सरता भिरंडं, म्हणजे कोकमं, पिकली. एका सकाळी बाजारातून येते तो टेबल जांभळाच्या सावलीतून भर उन्हात सरकलेलं. वर तीन सुपं, सुपांत भिरंडांच्या साली. गर आणि बिया मीठ घालून बाजूच्या डेचकीत. साली वाळवायच्या, त्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असं काळी सोलं होईपर्यंत दिवसच्या दिवस. बियांचं नंतर भिरंडेल होतं, पावसात भेगाळलेल्या टाचांना लावायला. सुपाच्या फटींतून रस ठिबकत होता, आणि पांढऱ्या रंगावर जांभळट लाल गोल उमटत होते.

"कोंबड्या पोचत नाहीत हो तिथे," सासूबाई म्हणाल्या. आवाजात क्षमा वगैरे काही नव्हती, शोध लागल्याचा आनंद होता.

पुढच्या पंधरा दिवसांत पुरुमेंताने, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीने, अंगण भरलं. सोप्यावर पापड, वृंदावनाच्या पायरीवर मिरच्या, चटईवर आंब्याची साठं. बसायला म्हणून जागा उरली नाही. मी चहाचा कप हातात धरून उंबऱ्यावर बसायला लागले. मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी आभाळ भरून आलं तेव्हा सगळे धावलो. सुपं आत घेतली, आणि टेबल रिकामं दिसलं. पांढरा रंग शोधावा लागत होता. मी नखाने एक डाग खरवडून पाहिला. निघाला नाही.

सासूबाई मिरच्यांचं सूप कमरेवर घेऊन जरा थांबल्या, टेबलाकडे बघितलं.

"त्या भंगारवाल्याकडे आणखी एक असेल का गो? फणसाच्या बिकणांना हवंय."