रेघ होती, बोल्ट सैल होता

आमच्या गाड्यांच्या कारखान्यात ब्रेक कॅलिपरचा (चाकावर ब्रेक दाबणाऱ्या भागाचा) बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, पुरता आवळला की त्यावर पिवळ्या मार्करची रेघ ओढायची. त्या रात्रपाळीत रेघ होती, पण बोटाने चाचपलं तर खालचा वॉशर हलत होता. म्हणजे रेघ आधीच ओढून ठेवलेली! मी अँडनची, म्हणजे दोष दिसला की लाइन थांबवायची, दोरी ओढली. सुपरवायझर धावत आले. पहिला प्रश्न, "किती गाड्या मागे पडणार?"

तो प्रश्न अजून सलतो. लीन या टोयोटाकडून आलेल्या उत्पादनपद्धतीतलं सुट्या भागांचा साठा कमी करणं सगळ्यांनी पटकन उचललं, पण दोष दिसताच थांबणं, ज्याला टोयोटात जिदोका म्हणतात, ते मागेच राहिलं. हाताशी साठा नाही, म्हणून थांबायची भीती. आणि थांबायचं नाही, म्हणून दोष तसाच पुढे. खुद्द टोयोटाही यातून सुटली नाही. २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ तोयोदांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबूल केलं, की कंपनी ज्या वेगाने वाढली त्या वेगाने माणसं घडवता आली नाहीत.

आम्ही मागच्या अकरा गाड्या तपासल्या. तीन गाड्यांचे बोल्ट सैल निघाले.